तीन लिप्यांच्या शहरात ग्राफिक डिझाइन शिकताना: काय उतरवून घ्यावं, कुठे शिकावं, प्रेसला काय द्यावं

बडोद्यात नव्या डिझायनरकडे येणारी पहिली कामं साधारण ठरलेली असतात. दांडिया बाजारातल्या मंडळाचं गणेशोत्सवाचं पत्रक, शेजारच्या काकूंच्या दिवाळी फराळाचं दरपत्रक, सोसायटीच्या गरब्याचा पास, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका. मजकूर मराठीत येतो, त्यातला निम्मा गुजरातीतही हवा असतो, आणि दुकानाचं नाव इंग्रजीत. शिकवणीचे बहुतेक व्हिडिओ मात्र फक्त इंग्रजी अक्षरं धरून केलेले असतात. त्यातलं सगळं जमायला लागतं, आणि मग पहिल्याच पत्रिकेत जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलत्या जागी जाऊन बसतात.

त्यामुळे ‘फोटोशॉप शिकू की कोरल?’ हा नेहमीचा प्रश्न मी इथे मागे ठेवतो. आधी टायपिंग, मग फॉन्ट, मग सॉफ्टवेअर, आणि शेवटी प्रेस. उदाहरणाला एकच काम घेऊ: मंडळाच्या कार्यक्रमांचं ए-५ आकाराचं पत्रक, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती. हे एक काम शेवटपर्यंत नेलंत की बाकीची बरीचशी कामं त्याच वाटेने होतात.

आधी मजकूर, तोही युनिकोडमध्ये

लॅपटॉप नवा हवा असं काही नाही. ८ जीबी रॅमचा जुना चालतो. मोठ्या फोटोंची कामं सुरू झाली की पुढचं बघता येईल. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी आणि गुजराती जोडून घ्या. दोन्हींचे फोनेटिक कीबोर्ड विंडोज १० पासून आतच येतात, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. असं टाइप केलेलं युनिकोडमध्ये असतं, म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं. विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की भाषा बदलते. फोनवर गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड आहेच.

शहरातल्या जुन्या प्रेसमध्ये अजून श्रीलिपीसारखे फॉन्ट वापरात असतात, आणि मंडळाच्या सेक्रेटरींकडून मागच्या वर्षीची फाइल आली की ती उघडल्यावर अगम्य इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. घाबरू नका. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर फुकट मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं त्यात हमखास चुकतात. पानभराचाच मजकूर असेल तर नव्याने टाइप करणं जास्त लवकर होतं.

टाइप करताना एका अक्षराकडे खास लक्ष द्या. ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतला र हिंदीत भेटत नाही. तो काढायला आधी नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य किंवा ह. घाईत नेहमीचा र टाइप झाला की ‘दुसर्या’ उमटतं, आणि ते पत्रकावर छापून आलं की मंडळातले एखादे आजोबा बरोबर तिथेच बोट ठेवतात.

एक ओळ जपून ठेवा

कोणतंही नवं सॉफ्टवेअर किंवा नवा फॉन्ट हातात आला की त्यात आधी ही ओळ चिकटवून पाहा:

वऱ्हाडी मुलींनी भक्तिभावाने लक्ष्मीपूजन, कृष्णजन्म आणि ज्ञानेश्वरीचं पारायण ठरवलं. किर्र रात्री वाऱ्यावर शंख वाजला, सर्वांची श्रद्धा दृढ झाली.

ओळीला अर्थ फारसा नाही, पण अडचणीची बरीच अक्षरं तिच्यात आहेत. ‘भक्ति’ची वेलांटी क्त या जोडाक्षराच्या आधी उभी आहे का? ‘वऱ्हाडी’तला र तिथे नीट दिसतो का, की मध्येच पाय मोडलेला र आणि मोकळी जागा? ‘सर्वांची’मध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढले तर नाहीत? ‘ज्ञ’, ‘क्ष्म’, ‘द्ध’, ‘दृ’ एकसंध आहेत का? वेलांटी चुकीच्या जागी किंवा हलन्त उघडा दिसला तर ते सॉफ्टवेअर किंवा तो फॉन्ट आपल्या कामाचा नाही, मग त्यात बाकी कितीही सोयी असोत. गुजरातीसाठी अशीच एक ओळ एखाद्या गुजराती मित्राकडून किंवा शेजारच्या बेनकडून लिहून घ्या आणि तपासायलाही त्यांनाच सांगा. आपल्याला गुजराती वाचता येतं म्हणजे चूक दिसतेच असं नाही.

याच ओळीत ‘ल’ आणि ‘श’ बघा. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श आपल्या सवयीचे. अनेक फॉन्ट मात्र मुळात हिंदीच्या वळणाचा, उभ्या दंडाचा ल दाखवतात. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, फक्त भाषा मराठी आहे हे प्रोग्रॅमला सांगावं लागतं. गिंप या फोटोंच्या सॉफ्टवेअरच्या टेक्स्ट टूलमध्ये भाषा निवडायची सोय आहे, लिबरऑफिसमध्येही आहे. जिथे ती सोय सापडत नाही तिथे टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घ्या, त्यात मराठी रूपं आधीपासूनच बसवलेली आहेत. मात्र त्याची जाडी एकच आहे, त्यामुळे ठळक मथळ्याला दुसरा फॉन्ट लागतो.

फॉन्ट: दहा पुरे

गूगल फॉन्ट्स ही साइट २०१० पासून आहे आणि नवख्यासाठी तिच्याएवढी उपयोगी दुसरी जागा मला माहीत नाही. तिथले बहुतेक फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत. छपाईत, गिऱ्हाइकाच्या पैशाच्या कामात, लोगोत वापरले तरी चालतं. साइटवर लिपीचा फिल्टर असतो. देवनागरी निवडा, मग गुजराती निवडा.

आपल्याला खरी गरज जोड्यांची असते, म्हणजे ज्या फॉन्टची मराठी आणि गुजराती भावंडं एकाच हाताने काढलेली आहेत अशा फॉन्टची. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा मुक्ता देवनागरीसाठी आणि मुक्ता वाणी गुजरातीसाठी. दोन्हींत सात-सात जाड्या आहेत, त्यामुळे बारीक मजकूर, उपमथळा, मथळा सगळं एकाच कुटुंबात भागतं. त्याच गटाचा बालू २ आणि त्याचं गुजराती भावंड बालू भाई २: गोलसर, गुबगुबीत, मुलांच्या स्पर्धेच्या पत्रकाला छान, श्रद्धांजलीच्या कार्डाला मुळीच नको. इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद देवनागरीसाठी, आणि त्याच्या गुजराती भावंडाचं नाव चक्क हिंद वडोदरा. या कुटुंबात बंगालीला सिलिगुडी, तेलुगूला गुंटूर, तमिळला मदुराई अशी नावं आहेत. गुजरातीच्या वाट्याला आपलं गाव आलं. नावासाठी नव्हे, पण बारीक आकारातही सुबक वाचला जातो म्हणून दरपत्रकाला तो जरूर वापरून बघा. नोटो सान्स आणि नोटो सेरिफ तर जवळपास सगळ्या भारतीय लिप्यांत आहेत. कुठलंच कुटुंब जमेना की शेवटी तिथे यावं.

मथळ्यासाठी मोदक, यात्रा वन, रोझा वन, खंड हे देवनागरी. गुजरातीत श्रीखंड, फरसाण आणि मोगरा. ही खरोखरच फॉन्टची नावं आहेत, एखाद्या दुकानाची यादी नव्हे. यातला यात्रा वन मुंबईच्या रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांच्या वळणावर बेतलेला आहे. एका पत्रकात मथळ्याचा एक फॉन्ट आणि मजकुराचा एक, एवढ्यावर थांबा.

फॉन्ट बसवताना दोन बारकावे आहेत. झिप उघडल्यावर आत ‘स्टॅटिक’ नावाचं फोल्डर दिसलं तर त्यातले बसवा. बाहेरचा व्हेरिएबल (सगळ्या जाड्या एकाच फाइलमध्ये असलेला) फॉन्ट जुन्या कोरलमध्ये गोंधळ घालतो. आणि विंडोजवर उजवं बटण दाबून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडा, कारण काही प्रोग्रॅमना एकाच वापरकर्त्यासाठी बसवलेला फॉन्ट दिसतच नाही.

आता अक्षरं मांडण्याबद्दल, कारण इंग्रजी धड्यांमधल्या सवयी इथेच नडतात. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. गुजरातीला शिरोरेषा नाही, तिथे किंचित अंतर खपून जातं. देवनागरी तिरकी करू नका. जोर द्यायचा तर जाडी वाढवा किंवा रंग बदला. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, कारण वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतात. अक्षराच्या आकाराच्या दीडपट धरून सुरुवात करा आणि डोळ्यांनी कमीजास्त करा. मराठी आणि गुजराती शेजारी-शेजारी, एकाच पॉइंट आकारात ठेवलं की शिरोरेषेमुळे मराठी जास्त गडद दिसतं. अशा वेळी गुजरातीची जाडी एक पायरी वाढवली की दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या वाटतात.

सॉफ्टवेअर कोणतं

फक्त व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आणि इन्स्टाग्रामच्या पोस्ट करायच्या असतील तर कॅनव्हाने सुरुवात करायला काहीच हरकत नाही. ब्राउझरमध्ये चालतं, फोनवर चालतं, फुकटच्या खात्यात मुक्ता, बालूसारखे फॉन्ट मिळतात. चौकोनी पोस्ट १०८० बाय १०८० पिक्सेल, उभी पोस्ट १०८० बाय १३५०, स्टेटस १०८० बाय १९२०. फोनवर मराठी बॅनर करणाऱ्यांत पिक्सेललॅबही खूप चालतं आणि त्याच्या पीएलपी फाइली सर्रास फिरत असतात. त्या उघडून कसं केलंय ते बघायला उपयोगी आहेत; नाव बदलून तसंच्या तसं पुढे पाठवायला नकोत.

कॅनव्हात एक काम करू नका: लोगो. तयार चिन्हं जोडून केलेला लोगो इतर हजार जणांकडेही असू शकतो, आणि तिथल्या तयार चित्रांचा लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही. लोगो स्वतः काढायचा, आणि तो व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठा केला तरी कडा फाटत नाहीत अशा रेषांमध्ये.

त्यासाठी इंकस्केप. मुक्त आहे, फुकट आहे, २००३ पासून वाढत आलंय, आणि आपली परीक्षेची ओळ त्यात व्यवस्थित उमटते. मला विचाराल तर नवख्याने पहिले काही महिने फक्त यातच काढावेत. लोगो, पत्रक, कार्ड, पास, सगळं होतं. १.२ या आवृत्तीपासून एकाच फाइलमध्ये अनेक पानं ठेवता येतात, म्हणजे आपल्या पत्रकाच्या दोन्ही बाजू एकत्र. याच्या मदत मेनूत सोबतचे धडे आहेत; ते आकृत्यांच्याच रूपात उघडतात आणि तिथल्या तिथे खोडून, ओढून बघता येतात.

फोटोंसाठी गिंप. ३.० ही आवृत्ती २०२५ मध्ये आली आणि तिच्यात फिल्टर लावल्यावरही नंतर ते बदलता येतात, जे आधी जमत नव्हतं. लॅपटॉप अगदीच थकलेला असेल किंवा कुणी फोटोशॉपची पीएसडी फाइल पाठवली असेल तर फोटोपी ही साइट उघडा. दिसायला जवळपास फोटोशॉपच, बाजूला जाहिराती दिसतात एवढंच. फाइल तुमच्याच मशीनवर राहते, सर्व्हरवर चढत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाचे घरगुती फोटो असले तरी चिंता नाही.

छपाईची पानं जुळवायला स्क्रायबस. चेहरामोहरा रुक्ष आहे, शिकायला कंटाळा येतो, पण प्रेसला लागणारी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांतली पीडीएफ फुकटात काढून देणारं दुसरं भरवशाचं साधन सहज सापडत नाही. १.६ किंवा त्याच्या पुढचीच आवृत्ती घ्या, जुन्या १.४ मध्ये देवनागरी मोडते.

फिग्मा मुख्यतः अ‍ॅप आणि वेबसाइटच्या पडद्यांसाठी. पुढे नोकरी त्या बाजूला करायची असेल तर शिका, पत्रकासाठी नको. अ‍ॅफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर पूर्वी विकत घ्यावं लागायचं, ते २०२५ च्या अखेरीस फुकट झालं. उतरवून बघा, पण आधी परीक्षेची ओळ टाका. अडोबी असलेल्या ऑफिसात बसलात तर इलस्ट्रेटरच्या टाइपच्या सेटिंगमध्ये इंडिक पर्याय सुरू करा आणि परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. तुटलेली जोडाक्षरं बहुधा तेवढ्याने जुळतात.

कोरल? आपल्याकडच्या प्रेसची ती मातृभाषाच आहे, त्यामुळे प्रेसमध्ये नोकरी करायची तर शिकावंच लागेल. घरी शिकायला चोरीची प्रत बसवू नका. कायद्याचा भाग सोडला तरी त्या क्रॅकबरोबर येणारे व्हायरस पेन ड्राइव्हमधून प्रेसच्या मशीनवर जातात आणि मग प्रेसवाले भाई तुमचा पेन ड्राइव्ह लांबूनच बघतात. कोरलची पंधरा दिवसांची चाचणी प्रत कंपनीच्या साइटवरच मिळते. इंकस्केप येत असेल तर तेवढ्यात हात बसतो.

पत्रक मांडायला घ्या

ए-५ म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. कापताना कागद थोडा हलतोच, म्हणून रंग किंवा चित्र कडेपर्यंत न्यायचं असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर काढायचं. म्हणजे फाइल १५४ बाय २१६ ची. उलट महत्त्वाचा मजकूर कापाच्या रेषेपासून निदान ५ मिलिमीटर आत.

कागदावर आधी पेन्सिलने तीन-चार चौकटी काढा. सगळ्यात मोठं काय? मंडळाचे पदाधिकारी म्हणतील, अध्यक्षांचा फोटो. वाचणाऱ्याला हवी असते तारीख, वेळ आणि जागा. हा वाद दर वर्षी होतो आणि फोटो दर वर्षी राहतो. तुम्ही फक्त तारखेला त्याच्याइतकीच जागा मिळवून द्या. कार्यक्रमांची यादी मधल्या रकान्यांत, वेळा एका सरळ रेषेत. देणगीदारांची नावं शेवटी, पण सगळी एकाच आकारात, नाही तर फोन येतात.

अक्षरांना बाहेरून पांढरी कड, तिला बाहेरून काळी, मग सावली, मग चमक, हे सगळं एकदम काढून टाकून बघा. लाल पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं तशीही स्वच्छ वाचता येतात. रंगांच्या जोड्या बघायला कूलर्स आणि अडोबी कलर या साइट आहेत. पडद्यावरच्या कामात अक्षर आणि पार्श्वभूमीत पुरेसा फरक आहे का, हे वेबएम या संस्थेच्या कॉन्ट्रास्ट चेकरवर तपासता येतं. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला ४.५ ला १ हे किमान प्रमाण मानतात.

चित्रं कुठून आणायची

गूगलवर शोधून दिसलं ते उचलायचं नाही. अनस्प्लॅश, पेक्सेल्स आणि पिक्साबे इथले फोटो व्यावसायिक कामातही फुकट वापरता येतात. नाउन प्रोजेक्टवर चिन्हं भरपूर, पण फुकट घेतलंत तर कलाकाराचं नाव द्यावं लागतं. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो, तो वाचा.

देवादिकांच्या चित्रांसाठी बडोदेकरांना एक सोय घरचीच आहे. राजा रवि वर्मा १९०६ मध्ये वारले. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे त्यांची चित्रं आता सगळ्यांना मोकळी आहेत. कॉमन्सवर त्यांच्या मोठ्या आकारातल्या प्रती मिळतात. पण एकदा फत्तेसिंह संग्रहालयात जाऊन मूळ चित्रांसमोर उभे राहा. त्यातले रंग मनात ठेवून त्याच चित्राची छापील प्रत बघितलीत की छपाईत काय हरवतं ते कुठल्याही धड्यापेक्षा चांगलं कळतं.

एआयकडून चित्र काढून घेणार असाल तर त्याला अक्षरं काढायला सांगू नका. देवनागरी अजून बरेचदा विचित्र येते. पार्श्वभूमी घ्या, अक्षरं आपण बसवा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलात की तो दाबून लहान केलेला येतो. पाठवणाऱ्याला सांगा, ‘काका, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’ छपाईसाठी एका इंचात ३०० पिक्सेल हवेत, म्हणजे बाहेर काढलेल्या कडांसकट पूर्ण ए-५ पान व्यापणारा फोटो निदान १८१९ बाय २५५१ पिक्सेलचा. कमी असेल तर छोट्या जागेत वापरा.

प्रेसकडे जाताना

ऑफसेटची छपाई निळसर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार शाईंतून होते, प्रत्येक शाईची वेगळी प्लेट. पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो. पडद्यावरचा झगझगीत हिरवा आणि विजेसारखा निळा कागदावर मंदच उतरतो, आणि त्याला प्रेसवाले काही करू शकत नाहीत. भगवा तुलनेने बरा येतो: सायन शून्य, मॅजेंटा ६० च्या आसपास, पिवळा १००, काळा शून्य यापासून सुरू करा.

काळ्या मजकुरात एक फसगत दडलेली असते. इंकस्केप आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत काम करतं. तिथलं काळं सीएमवायकेत बदललं की ते चारही शाईंचं मिश्रण होतं, आणि प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षरांभोवती रंगीत कड दिसते. देवनागरीच्या उकार-मात्रांत तर फारच लवकर. म्हणून चित्रं आणि नक्षी इंकस्केपमध्ये करा, एसव्हीजी (व्हेक्टर फाइल) म्हणून स्क्रायबसमध्ये आणा, आणि बारीक मजकूर स्क्रायबसमध्येच बसवून त्याला फक्त काळ्या शाईचा १०० टक्के रंग द्या. स्क्रायबस पीडीएफ काढण्याआधी स्वतःच चुका दाखवतं, त्या यादीकडे दुर्लक्ष करू नका.

प्रेसला फाइल देताना अक्षरं आकारात, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराऐवजी रेषांच्या चित्रात बदलून द्यावीत, म्हणजे त्यांच्याकडे फॉन्ट नसला तरी काही फुटत नाही. इंकस्केपमध्ये अक्षरं निवडून शिफ्ट-कंट्रोल-सी, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू. हे नेहमी वेगळ्या प्रतीत करा. आकारात बदललेलं नाव परत टाइप करून दुरुस्त होत नाही, आणि अध्यक्षांच्या नावातली वेलांटी चुकल्याचं नेमकं त्यानंतरच लक्षात येतं. प्रेसला कोरलचीच फाइल हवी असेल तर त्यांची आवृत्ती विचारा. नव्या कोरलमधली फाइल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही, साठवताना जुनी आवृत्ती निवडावी लागते.

फ्लेक्सचं गणित निराळं. १० बाय ४ फुटांचा फ्लेक्स ३०० पिक्सेलच्या हिशेबाने केलात तर ३६,००० बाय १४,४०० पिक्सेल होतात आणि लॅपटॉप तिथेच मान टाकतो. फ्लेक्स लांबून बघतात, इंचाला ७२ पिक्सेल पुरतात: ८६४० बाय ३४५६. काही फ्लेक्सवाले दहाव्या हिश्श्याच्या मापात फाइल मागतात, आधी विचारून घ्या. अक्षराच्या उंचीचा एक ढोबळ नियम पाटी रंगवणाऱ्यांपासून चालत आलाय: दहा फुटांवरून वाचायला एक इंच. मात्रा-वेलांट्या धरता देवनागरीला थोडं वरच राहा.

पूर्ण छपाईआधी एक प्रत डिजिटल प्रिंटवर काढून घ्या. ती गिऱ्हाइकाला द्या आणि तारीख, वार, तिथी, फोन नंबर, नावांपुढचं श्री. आणि सौ. त्यांनीच वाचावं असं सांगा. ‘बरोबर आहे, छापा’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागवा. तोंडी होकार नंतर कुणाला आठवत नाही. गुजराती बाजू गुजराती माणसाने वाचल्याशिवाय प्रेसला जाऊ देऊ नका.

शिकायचं कुठे

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प मराठी मुलांना इतका कमी माहीत असावा याचं मला नवल वाटतं. इंकस्केप आणि गिंप दोन्हींचे छोटे-छोटे धडे आहेत, ऐकत-ऐकत शेजारच्या खिडकीत करून बघायचे. बरेचसे मराठीत आणि गुजरातीतही आहेत. पडद्यावरची आवृत्ती जुनी दिसेल, बटणं थोडी इकडेतिकडे गेलेली असतील, पण पाया तोच आहे. त्याच संस्थेच्या डिझाइन विभागाचा डी-सोर्स हा दुसरा खजिना. तिथे अक्षर, रंग, रचना यांवरचे पाठ आणि भारतीय हस्तकलांची चित्रमय नोंद आहे. इंग्रजी सोपं आहे.

हात वळवायला खेळ आहेत. मेथड ऑफ अ‍ॅक्शन या साइटवरचा बेझियर गेम इंकस्केपच्या पेन टूलची, म्हणजे वळणदार रेषा काढायच्या साधनाची भीती घालवतो, आणि कर्न टाइप अक्षरांमधलं अंतर बघायला डोळा तयार करतो. दुसरा खेळ रोमन अक्षरांवर आहे हे लक्षात ठेवून खेळा.

आणि शहर आहेच. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून इथे आहे, तिच्यात अप्लाइड आर्ट्सचा विभाग आहे; प्रदर्शनं लागली की जाऊन बघा, तिथल्या मुलांशी बोला. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय सयाजीरावांच्या काळचं, १९१० चं. तिथे जुनी मराठी-गुजराती पुस्तकं उघडून मुखपृष्ठांवरची अक्षरं बघा. जुन्या बाजारातून चालताना हाताने रंगवलेली पाटी दिसली तर फोटो घ्या, घरी आणून इंकस्केपमध्ये पेन टूलने त्यावरून एक-एक अक्षर काढा. अशी दहा-बारा अक्षरं काढलीत की ‘क’च्या पोटाचा आणि दंडाचा सांधा कुठे जाड आणि कुठे बारीक असतो ते हाताला कळू लागतं.

पैशाचं आधीच बोला. निम्मी रक्कम आगाऊ, दोन वेळा दुरुस्त्या मोफत, तिसऱ्यापासून वेगळे. ओळखीतल्या काका-मावशींनाही हेच सांगा, फार तर रक्कम कमी करा. छपाईचा खर्च प्रेसला परस्पर द्यायला लावा, तो आपल्या हिशेबात घेऊ नका. प्रत्येक कामाचं वेगळं फोल्डर करा आणि त्यात मूळ फाइल, आकारात बदललेली प्रत, वापरलेले फॉन्ट, चित्रांच्या परवान्यांचे स्क्रीनशॉट आणि शेवटची पीडीएफ ठेवा. पुढच्या वर्षी श्रावण लागला की मंडळाचा फोन येतो, ‘मागचंच पत्रक आहे, फक्त तारखा बदलायच्या’. तेव्हा हे फोल्डर लागतं.